ड्रमावरचा आकडा

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी घंटागाडी दारात आली की आपण नाशिककर ओला आणि सुका एवढंच बघतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत तेवढ्यानं भागत नाही. तिथं मागच्या शेडमधल्या प्रत्येक ड्रमाला आकडा असतो. 5.1, 33.2, 35.3. मी अशाच एका शेडचं रजिस्टर बरीच वर्षं लिहिलं.

हे आकडे येतात 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांतून. पहिल्या अनुसूचीत 38 प्रक्रिया आहेत. टिंबाआधीचा आकडा प्रक्रियेचा, नंतरचा तिच्यातून काय निघालं त्याचा. 12 म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरची कामं. त्यात 12.5 फॉस्फेटचा गाळ, 12.8 प्लेटिंगचा गाळ. बघणाऱ्याला दोन्ही चिखलच! म्हणून रूप बघायचं नाही, कूळ विचारायचं.

हे मला घाम गाळून कळलं. नवा असताना तेलानं माखलेलं कॉटन वेस्ट, म्हणजे पुसायच्या चिंध्या, मी जळक्या तेलाच्या ड्रमात कोंबलं. तेलच ना शेवटी, असं वाटलं. न्यायला आलेल्या माणसानं झाकण उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि ड्रम तसाच ठेवून गाडी काढली. वापरलेलं तेल 5.1, ते शुद्ध करणाऱ्याकडे जातं. चिंध्या 33.2, त्यांची वाट भट्टीकडची. अख्खी दुपार मी त्या चिंध्या उपसत होतो. त्यात माल 90 दिवसांच्या वर ठेवायचा नाही हा नियम, आणि रजिस्टरात दिवस भरत आलेले.

गंमत म्हणजे तेच जळकं तेल युरोपात गेलं की त्याचं नाव बदलतं. तिथं सहा अंकी कोड. इंजिन-गिअरच्या तेलाला 13 02 08 आणि पुढे एक चांदणी. चांदणी म्हणजे घातक. देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या कचऱ्यासाठी 1989 चा बाझल करार आहे, त्यात खराब खनिज तेल ‘वाय 8’.

एक आकडा मात्र तुमच्या घरापर्यंत येऊ शकतो. 33.1. घातक रसायनांचे रिकामे ड्रम. रिकामा असला तरी तो कचराच, कारण आत रसायन चिकटलेलं असतं. तरी असे ड्रम भंगारात जातात, धुऊन पुसून पाणी साठवायला विकले जातात. निळा ड्रम, स्वस्तात मिळतो. घेताना त्यावरचं खरवडलेलं लेबल बघा. बहुतेकदा कोपरा शिल्लक असतो.