बीपी किती आलं, सिस्टर?

(दृश्य: अंगणवाडीच्या पायरीवर चपलांचा ढीग. आत वजनकाटा, टेबलावर बीपीचं यंत्र.)

आज गावात लसीकरणाचा दिवस आहे. बाळांच्या रडारडीतच गरोदर बायांची तपासणी चालली आहे. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं माता बाल संरक्षण कार्ड आहे. घरी ते रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलेलं असतं, पण उघडून वाचलं जात नाही. खरं तर ते तिनंच वाचायचं आहे.

सुरुवात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १० जूनला पाळी आली असेल, तर बाळंतपणाची अंदाजे तारीख १७ मार्च. म्हणून दर महिन्याला कॅलेंडरवर खूण करा, आणि पाळी चुकली की १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. तेव्हा तारीख नीट आठवते. शिवाय सुरुवातीचं बीपी लिहून ठेवलं, तर पुढे वाढलंय का हे ताडून बघता येतं.

(दृश्य: दंडाला पट्टा बांधताना.)

हा पट्टा बघा. तो उघड्या दंडावर बांधलाय, बाहीवरून नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला टेकवलाय. पाठीला टेकण आहे, पाय जमिनीवर आहेत, एकमेकांवर टाकलेले नाहीत. चालत आल्या आल्या बीपी मोजलं की आकडा जास्त येतो, म्हणून आधी पाच मिनिटं शांत बसायचं आणि मोजताना बोलायचं नाही.

आता विचारा, "सिस्टर, किती आलं?" "ठीक आहे" एवढ्यावर उठू नका. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यायची. वाढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही. पाचव्या महिन्यानंतर ते गुपचूप चढतं आणि वारेतून बाळाला होणारा रक्तपुरवठा कमी करतं. संध्याकाळी पायांवर येणारी थोडी सूज बऱ्याच जणींना असते. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, बांगड्या एकाएकी घट्ट, डोकं दुखायचं थांबत नाही, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली पोटात दुखणं, यातलं काहीही झालं तरी पुढच्या तपासणीची वाट बघू नका. झटके आले तर अंगारा लावण्यात वेळ घालवू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि लगेच १०८ ला फोन करा. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी निघायचं.

(दृश्य: तळहातावर लाल गोळी.)

दुसरा आकडा हिमोग्लोबिनचा. तो ११ च्या खाली गेला की रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ साली देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांचं रक्त कमी आढळलं. ही लोहाची लाल गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर डोस वाढवतात.

गोळ्या मिळतात, तरी अर्ध्या डब्यातच राहतात. का? शी काळी होते आणि बाई घाबरते. ते लोहामुळे होतं, त्यात काही वाईट नाही. मळमळतं, मग रात्री झोपताना घ्या. बद्धकोष्ठ होतं, मग पाणी आणि पालेभाज्या वाढवा. "गोळ्यांनी बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं" असं घरातल्या मोठ्या बायका काळजीपोटी सांगतात, पण ते खरं नाही. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही, धोका तिथे आहे. गोळी चहासोबत घेतली तर चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही, म्हणून तासभर अंतर ठेवा. लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू चालेल. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत घ्यायची, आणि तिच्यात नि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर हवं.

(दृश्य: एसटी थांबा. हातात कपड्यांची पिशवी.)

पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि कार्ड सासरीच राहतं. मग रात्री कळा सुरू झाल्या की माहेरच्या दवाखान्याला तिचं मागचं बीपी माहीत नसतं, हिमोग्लोबिन माहीत नसतं. कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात घाला. प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा. पोचल्यावर तिथल्या आशाताईंना भेटा. रक्तगटाचा रकाना आधी दाखवा. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे धोका होऊ नये म्हणून दिलं जाणारं) इंजेक्शन द्यावं लागतं. दवाखान्याला ते आधी कळलं, तरच मागवून ठेवता येतं.