तीन पात्रांचा परवाना

ऑपेरेटा म्हणजे छोटा ऑपेरा, म्हणजे छोटे गायननाट्य, असा या इटालियन शब्दाचा अर्थ आहे. हे छोटेपण आले कुठून, असे विचाराल तर त्याचे उत्तर संगीतापेक्षा सरकारी दप्तरात अधिक सापडते.

नेपोलियनने १८०६ आणि १८०७ मध्ये फर्माने काढून पॅरिसमधील नाट्यगृहांची संख्या आवळली आणि कोणी कोणत्या प्रकारचे खेळ करायचे हेही ठरवून दिले. पुढे राजवटी बदलल्या, परवान्याची पद्धत मात्र १८६४ पर्यंत टिकली. कोलोनमध्ये जन्मलेला चेलोवादक जाक ऑफेनबाख याच्या रचनांना मोठ्या संगीतगृहांत दाद मिळेना, तेव्हा त्याने ५ जुलै १८५५ रोजी, जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीचा मोसम साधून, शाँझेलिझे या रस्त्यावर बूफ-पारिझियाँ नावाचे स्वतःचे चिमुकले नाट्यगृह उघडले. परवान्याची अट अशी की खेळ एकाच अंकाचा असावा आणि बोलणारी-गाणारी पात्रे तीनांहून अधिक नसावीत. उद्घाटनाच्या दिवशीच्या एका खेळात दोनच माणसे होती: पुलावरच्या भिकेच्या जागेवरून भांडणारे दोन आंधळे, आणि तेही खोटे आंधळे!

पुढे ही मर्यादा चारवर आली, तेव्हा १८५७ च्या ‘क्रोकफेर’मध्ये ऑफेनबाखने पाचवे पात्र आणले आणि लढाईत शत्रूने त्याची जीभ कापली असल्याचे दाखवून त्याच्या हाती फलक दिले. नियम अक्षरशः पाळून तो हास्यास्पद करून सोडण्याची ही युक्ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण ऑपेरेटाचा स्वभावच तिच्यात दिसतो. चार माणसांत भव्यता उभी करता येत नाही, भव्यतेची नक्कल मात्र झकास करता येते.

अटी सैल होताच २१ ऑक्टोबर १८५८ रोजी ‘ऑर्फी ओ-झाँफेर’, म्हणजे ‘पाताळातला ऑर्फियस’, हा दोन अंकी खेळ रंगमंचावर आला. (ऑफेनबाख स्वतः ऑपेरेटा हा शब्द मुख्यतः एकांकी खेळांसाठी वापरी; मोठ्या खेळांना तो ऑपेरा-बूफ, म्हणजे विनोदी ऑपेरा, म्हणे.) ऑर्फियस हा ग्रीक पुराणकथेतला गायक, मृत पत्नीला आणायला पाताळात जाणारा. अठराव्या शतकातला संगीतकार ग्लुक याच्या ऑपेरातला ऑर्फियस तिच्यासाठी विलाप करतो, इथला ऑर्फियस व्हायोलिनचा मास्तर आहे, नवरा-बायको एकमेकांना विटलेले आहेत, आणि ती पाताळात गेल्याचा त्याला आनंदच होतो. तिला परत आणायला त्याला भाग पाडते ते ‘लोकमत’ नावाचे पात्र. देवसभेत तो गाऱ्हाणे मांडतो ते ग्लुकच्याच प्रसिद्ध सुरांत, आणि त्यांतला खोटेपणा चटकन कळतो. ज्यूल जानँ या समीक्षकाने हा पवित्र प्राचीनतेचा विटाळ असल्याची टीका केली. तिच्यामुळे तिकिटांचा खप वाढला.

इथे गद्य संवाद आणि गाणी आलटून पालटून येतात, त्यामुळे आपल्याला साहजिकच संगीत नाटक आठवते. हे साम्य रचनेपुरतेच धरावे. १८८० चे ‘शाकुंतल’ रंगवताना किर्लोस्करांना कालिदासाची थट्टा करायची नव्हती.

शेवटी, पत्नीला पाताळातून नेताना मागे वळून पाहायचे नाही ही अट ऑर्फियस पाळू लागतो, तेव्हा देवांचा राजा ज्युपिटरच अधीर होऊन वीज फेकतो, दचकून ऑर्फियस वळतो आणि पत्नी हातची जाते. नाराज होते ते एकटे लोकमत.