गुडघ्याजवळची गाठ

(दृश्य: इंदूर, रामबाग. संध्याकाळी गल्लीत पळणारी मुलं, फक्त पाय.)

हे पाय बघा. वयात येताना उंची झपाट्याने वाढते आणि पायाची सर्वांत जास्त वाढ गुडघ्याच्या आसपास होते. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक. तिथे कूर्चेची पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी सारख्या वाढत राहतात, त्यांच्या जागी हाड तयार होतं. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुतेकदा इथेच होतो.

(दृश्य: वाटीत आंबेहळदीचा लेप, आजींचे हात.)

‘खेळताना पडला, म्हणून सुजलं.’ कुठल्याही घरात हेच म्हणतील, आजींचं काही चुकलं नाही. पण मार लागल्याने हाडाचा कर्करोग होतो, असा पुरावा नाही. मारामुळे आपलं लक्ष तिकडे जातं, इतकंच.

(दृश्य: लाइट बॉक्सवर एक्स-रे.)

हाडाच्या कडेने उन्हाच्या किरणांसारख्या या रेषा दिसतात? ही ऑस्टिओसार्कोमाची खूण असू शकते.

हा कर्करोग कशाने होतो? बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही. काहींमध्ये टीपी५३ या जनुकात जन्मापासून बिघाड असतो. काहींना तान्हेपणी डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झालेला असतो, तिथे आरबी१ हे जनुक बिघडलेलं असतं. काहींनी पूर्वी रेडिएशन घेतलेलं असतं. १९२०च्या आसपास अमेरिकेत मुली घड्याळांच्या तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग भरत आणि ब्रशला ओठांनी टोक काढत. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडात साठवतं. त्यांच्यातल्या कित्येकींना पुढे हाडांचा कर्करोग झाला.

युइंग सार्कोमा हा हाडाचा आणखी एक कर्करोग. त्यात बहुतेकदा ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. कुणा आईने स्वतःला दोष देऊ नये.

(दृश्य: दुसरा एक्स-रे, हाडाला फुटलेला कोंभ.)

हा ऑस्टिओकाँड्रोमा. कर्करोग नाही. बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवायचं.

(दृश्य: इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल, एक्स-रेची रांग.)

दुखणं एकाच पायात आहे, रात्री झोपेतून उठवतं, आठवडे गेले तरी थांबत नाही, सूज वाढतेय? मालिश बंद करा, एक्स-रे काढा. तो इथेही निघतो. बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायची सुई कुठून घालायची, हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायला हवं, कारण सुईची वाटसुद्धा गाठीबरोबर काढावी लागते. चुकीच्या जागी सुई घातली, तर वाचणारा पाय जाऊ शकतो.

कर्करोगच निघाला, तर मग केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. वेळेत आलेल्या बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो.

(दृश्य: जिना. कुबड्या घेऊन उतरणारा मुलगा, पाठमोरा. निवेदन नाही.)