डॉक्टर निघून गेल्यावर गोठ्यात कोण थांबतं?

नमस्कार मंडळी.

बारावीचे निकाल लागले की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, खानापूर या बाजूच्या मुलांचे फोन सुरू होतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या पालकांचे. प्रश्न ठरलेलाच. पोराला जनावरांची आवड आहे, पण डॉक्टरकीला मार्क पुरत नाहीत, मग ते व्हेटर्नरी नर्सिंगचं, म्हणजे जनावरांच्या शुश्रूषेचं, बघावं का? या प्रश्नातलं 'मग' मला खटकतं. मार्क कमी पडले म्हणून करायचं हे काम नव्हे. कॉलेजांची नावं नंतर सांगते, आधी काम काय असतं ते ऐका.

समजा, रायबागकडच्या एखाद्या मळ्यात तिसऱ्या वेताची भरपूर दुधाची गाय काल व्याली आणि आज सकाळी उठेना. मान कुशीवर टाकलेली, कान हाताला गार लागतात, नाकपुडी कोरडी पडलेली. घरातला कुणीतरी गूळपाणी पाजायला निघालेला असतो. त्याला आधी थांबवायचं, कारण अशा गाईला धड गिळता येत नाही, पाणी सरळ फुफ्फुसात जातं. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडतं. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलेलं असतं.

डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियम लावतात. आता बाटली धरलेल्या माणसाचं काम सुरू होतं. बाटली किती उंच धरायची यावर औषधाचा वेग ठरतो, आणि कॅल्शियम भरभर गेलं तर गाईचं हृदय बंद पडू शकतं. म्हणून एक हात बाटलीला आणि कान स्टेथोस्कोपला. ठोके अडखळले की बाटली लगेच खाली. औषध लागू पडायला लागलं की गाय ढेकर देते, अंगावर थरथर येते, शेण टाकते, नाकपुडीवर पुन्हा दव जमतं. हे सगळं बघायचं, वेळ लिहून ठेवायची, डॉक्टरांना सांगायचं. मग डॉक्टर पुढच्या गावाला जातात. गाय तासाभरात उठली नाही तर तिला दर दोन-तीन तासांनी कूस बदलवायची, नाहीतर मांडीचे स्नायू दबून निकामी होतात. पहिल्या दिवशी कास पूर्ण पिळायची नाही, हे गोठ्यातल्या बाईला पटवून द्यायचं. ती चटकन ऐकत नाही, आणि तिचंही काही चुकत नाही. डेअरीचं माप तिला रोज भरायचं असतं.

डॉक्टर निघून गेल्यावरचे हे तास सांभाळायला शिकलेलं माणूस लागतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच कमी आहे.

इंग्लंडमध्ये या कामाचं रीतसर शिक्षण १९६१ साली सुरू झालं. तिथे आज त्याची पदवी मिळते, आणि नोंदणी होण्याआधी किमान १८०० तास प्रत्यक्ष दवाखान्यात काम करावं लागतं. भूल दिलेल्या जनावराचा श्वास मोजणं, हिरड्यांचा रंग पाहणं, हिरडी बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का हे बघणं, अवजारं १२१ अंशांवर वाफेत निर्जंतुक करणं, एक्स-रे, रक्ताची तपासणी, हे सगळं त्यात येतं. आणि गणित! वीस किलोचं कुत्रं, दर किलोला पाच मिलिग्रॅम औषध, बाटलीत एका मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम. किती ओढाल सिरिंजमध्ये? दोन मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलं की वीस. गणितापासून सुटका झाली म्हणून या बाजूला येणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

आपल्या देशात १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्यात नोंदणी होते ती डॉक्टरांची. पशुवैद्यकीय नर्स म्हणून वेगळी नोंदवही नाही. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना किरकोळ उपचार करता येतात, तेही राज्यानं परवानगी दिली असेल तर आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यामुळे जाहिरातीत 'पदवी' असं मोठ्या अक्षरात दिसलं की विचारा, मान्यता कोणाची? शिकताना हाताखाली जनावरं येणार की नुसते तक्ते? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशातच ठेवा.

खात्रीच्या वाटा अशा. कर्नाटकात बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची पशुसंवर्धनाची पदविका आहे, दहावीनंतर, दोन वर्षांची. महाराष्ट्रात नागपूरचं विद्यापीठ अशा पदविका चालवतं, आणि तिकडे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी असते. पूर्ण डॉक्टरकी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. त्यासाठी आता आपल्या अथणी तालुक्यातही कॉलेज आहे. कर्नाटकातला प्रवेश सीईटीवर, महाराष्ट्रातला नीटवर. शेतकऱ्याच्या मुलांना कर्नाटकात वेगळा कोटा आहे, त्याची प्रात्यक्षिक परीक्षा होते. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना सवलत मिळते. तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमाला ती आहे का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, शेजारच्या काकांना विचारून फॉर्म भरू नका.

भाषेचं म्हणाल तर मराठी शाळेतून आलात म्हणून घाबरू नका, पण कन्नड लिहिता-वाचता यायला हवं. हुक्केरीच्या बाजारात अर्धी गिऱ्हाइकं कानडीतच दुखणं सांगतात आणि सरकारी कागदही कन्नडमध्येच येतो.

मुलींच्या वडिलांना एकच शंका असते, हिला म्हैस आवरेल का? म्हैस ताकदीनं कुणालाच आवरत नाही. मोरकी नीट घातली, खोडा पक्का असला आणि मागून आवाज न देता गेला नाहीत, तर आवरते. शिवाय आपल्याकडे धारा बहुतेक बायकाच काढतात. सडाला गाठ आली, दूध फुटतंय, हे त्या बाईमाणसाला आधी सांगतात, आणि कासदाह लवकर कळला तर सड वाचतो.

शेवटी तब्येतीचं. या कामात रेबीज आणि ब्रुसेलोसिस (ज्यात गाई-म्हशी गाभडतात तो) यांसारखे आजार माणसाला होऊ शकतात. प्रशिक्षण सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी, असे तीन डोस असतात. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं काढू नका, मोजे खांद्यापर्यंतचे लागतात. ब्रुसेलाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना देतात. ती लस जिवंत असते, सुई स्वतःला टोचली तर त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा आणि कोणती लस होती ते त्यांना सांगा.

नमस्कार.