टोमॅटो पिवळा पडतोय, पण कुठून?

[दृश्य: तारेला सुतळीनं बांधलेला उन्हाळी टोमॅटो. कॅमेरा शेंड्यावरून सावकाश बुडख्याकडे येतो.]

"दादा, टोमॅटो पिवळा पडतोय, काहीतरी द्या."

जुन्नर, संगमनेर, निफाड. हंगामात या पट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रावर हे ऐकू येतं. शेतकऱ्याच्या हातात एकच पान असतं, खिशातून आणलेलं, चुरगळलेलं. त्या एका पानावर बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी, असं सगळं एकाच पंपात जातं. त्यातलं एखादं लागू पडलं तरी नेमकं कुठलं, हे कळत नाही. खर्च मात्र सगळ्याचा होतो.

म्हणून आधी प्लॉटमध्येच उभं राहून बघायचं: पिवळेपणा झाडावर नेमका सुरू कुठे झाला?

[दृश्य: शेंड्याचं कोवळं पान, उन्हाकडे धरलेलं.]

हे शेंड्याचं पान बघा. शिरा हिरव्यागार, मधला भाग पिवळा, काही ठिकाणी पांढरट. खालची पानं मात्र ठणठणीत. ही लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) जास्त असल्यामुळे ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. अशा जमिनीत नुसतं फेरस सल्फेट टाकलं, तर तेही तसंच अडकून बसतं. ड्रीपमधून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधलेलं लोह द्या, कारण ते जास्त सामूतही टिकतं. ईडीटीएचं लोह फवारणीसाठी वापरा.

[दृश्य: खालचं जुनं पान.]

आता खाली या. इथंही शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पण पान जुनं आहे. हे मॅग्नेशियम. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून कमतरता आधी खाली दिसते. फळं फुगायला लागली की शून्य-शून्य-पन्नास या पालाशच्या खताचा मारा होतो आणि जास्तीचं पालाश मॅग्नेशियमची वाट अडवतं. लिटरला 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन फवारण्या करा आणि पालाशचं प्रमाण पुन्हा तपासा. जुनं पान शिरांसकट सगळंच फिकं पिवळं असेल, तर नत्र कमी पडतंय.

पण थांबा. खताचं पोतं उघडण्याआधी मल्चिंग पेपर उचला.

[दृश्य: पेपरखालची माती मुठीत घेतलेली. बोटांतून पाणी निथळतं.]

ही माती भिजून चिकट झाली आहे, इथं वाफसाच नाही, म्हणजे ओल आणि हवा यांचा मेळ नाही. मुळांना हवा मिळत नसेल तर जमिनीत असलेलं खतही झाडाला लागत नाही. रोज ठरल्या वेळी ड्रीप सोडायची सवय भारी काळ्या जमिनीत फार महाग पडते. अशा वेळी दोन-तीन दिवस पाणी तोडणं हाच उपचार. आमच्या मते पिवळ्या टोमॅटोवरच्या कितीतरी फवारण्या या एका कारणानं वाया जातात.

आता एक झाड मुळासकट उपटा. जीव तुटतो, पण उपटा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. गाठी नसतील तर बुडख्याजवळ खोड उभं चिरा. आत तपकिरी रेघ आणि झाडाची एकच बाजू पिवळी, ही फ्युजॅरियम बुरशीची मर. झाड हिरवं असतानाच मान टाकत असेल, तर खोडाचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. दुधट धार उतरली तर मर जिवाणूची आहे, तिथं बुरशीनाशक ओतून उपयोग नाही. अशा रानात पुढं वांगी, मिरची, बटाटा नको. मका किंवा ज्वारी घ्या.

[दृश्य: आखडलेला, वर वळलेला शेंडा. पान उलटं केल्यावर पांढरी माशी उडते.]

शेंडा आखडलेला, पानं लहान, वर वळलेली, कडेनं पिवळी. हा पर्णगुच्छ, विषाणूजन्य रोग. तो पांढरी माशी पसरवते. 2020 च्या उन्हाळ्यात फळांवर पिवळे पट्टे आले आणि शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं, त्यामागंही विषाणूच होते. विषाणू बरा करणारं औषध बाजारात नाही, कुणी बाटली दाखवली तरी घेऊ नका. रोगट झाड दिसताच उपटून पिशवीत घाला आणि प्लॉटबाहेर नेऊन नष्ट करा. पांढरी माशी अडवायला लागवडीआधी कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी, आत पिवळे चिकट सापळे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेला अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे.

[दृश्य: रोपवाटिका, बारीक जाळीखालचे ट्रे.]

आणि रोपं घ्यायला जाल तेव्हा आधी जाळी कुठं फाटलीय का बघा, मग चार-दोन रोपांची पानं उलटून बघा. पानाखाली पांढरी माशी दिसली, तर तो ट्रे गाडीत चढवू नका.