हिमालयातलं जुनिपर

नमस्कार श्रोतेहो. मे महिना आला की पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची ट्रेकर मंडळी हिमालयाची वाट धरतात. देवदार आणि भूर्ज मागे पडले, साधारण साडेतीन हजार मीटरची उंची आली, की एक सदाहरित झुडूप दिसायला लागतं. गुडघाभर उंच, पण चहूकडे पसरलेलं. हे जुनिपर. लडाखकडे जुनिपरला शुक्पा म्हणतात. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे याच्याच एका जातीची फळं.

तिथे दम खायला थांबाल, तेव्हा जरा वाकून बघा. पानं अणकुचीदार, एकेका पेरावर तीन-तीन, आतून पांढरट पट्टा. मादी झुडपावर वाटाण्याएवढी फळं असतात, काही हिरवी, काही निळी-काळी. पिकायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून दोन्ही रंग एकाच वेळी दिसतात. पिकल्या फळावर द्राक्षावर असते तशी पांढुरकी भुकटी असते, बोट फिरवलं की पुसली जाते. फळ चुरडलं की राळेचा वास येतो.

हे झुडूप जमिनीला का बिलगून असतं? हिवाळ्यात जमीन गोठते, मुळांना पाणी मिळत नाही. वरून कोरडं, बोचरं वारं पानांतला ओलावा ओढून घेतं. जी फांदी बर्फाखाली राहते ती वाचते, बर्फाच्या वर डोकावते ती बहुधा करपते. बर्फ वितळला की हिरवी पानं तयारच असतात, त्या तोकड्या उन्हाळ्यात नवी पालवी फुटायची वाट बघावी लागत नाही. तरीही वाढ इतकी सावकाश, की मनगटाएवढ्या खोडामागे कित्येक दशकं असू शकतात.

आणि ते एका रात्रीच्या शेकोटीत संपतं, याचं मला फार वाईट वाटतं. राळेमुळे याचं ओलं लाकूडही पेटतं, म्हणून कुऱ्हाड आधी यावरच पडते. उतारावरची माती याच्या मुळांनी धरलेली असते. झुडूप गेलं की पावसात ती वाहून जाते. गावची मंडळी पूजेला, धूपाला डहाळी नेतात, ती गोष्ट निराळी. आपण मात्र स्वयंपाकाला गॅस न्यावा, थंडीला एक जादा स्वेटर न्यावा. आणि ट्रेकचे पैसे भरण्याआधीच आयोजकांना स्पष्ट विचारावं: शेकोटी करणार असाल, तर लाकूड कुठून आणणार?