मुंबईची वीज आत येणार कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

आधी थोडा हिशोब. एक मेगावॉट सौरवीज तयार करायला साधारण चार-पाच एकर जागा लागते. म्हणजे 1000 मेगावॉटला निदान 4000 एकर, सहा-सात धारावी बसतील एवढी! आणि उन्हाळ्यात मुंबईची मागणी 4000 मेगावॉटच्या वर जाते. तेव्हा हरित वीज येणार ती धुळ्या-सोलापूरच्या उन्हातून, साताऱ्याच्या पठारांवरच्या वाऱ्यातून. ती शहरात शिरायची वाट मात्र अरुंद आहे.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवा. मुंबईला वीज आणणाऱ्या, कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि लोकल जिथल्या तिथे थांबल्या. अशा वेळी शहर बाकीच्या ग्रिडपासून, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यापासून, तोडून चालू ठेवणारी आयलँडिंग यंत्रणाही तग धरू शकली नाही.

2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी सुरू झाली. दुसरी वाट कुडूस ते आरे, 80 किलोमीटर, 1000 मेगावॉटची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या (डीसी) प्रवाहाची वाहिनी. तिचा बराच भाग जमिनीखालून. डीसीच का? एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाची, केबल जमिनीखालून लांबवर नेली की ती कपॅसिटरसारखी, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागासारखी, वागू लागते, तिला चार्ज करण्यातच तिची बरीच क्षमता खर्ची पडते.

सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. वाहिनीला त्याहून कितीतरी वेळ लागतो: मनोऱ्यांच्या जागेचा मोबदला, वनखात्याची मंजुरी, आणि मध्ये कांदळवन आलं तर उच्च न्यायालयाची परवानगी. म्हणून वाहिनीचा पट्टा आणि उपकेंद्राची जागा प्रादेशिक आराखड्यात आधी राखून ठेवायला हवी. आपल्याकडे आधी पॅनेल लागतात, मग तारेची शोधाशोध.

संध्याकाळचं काय? सौरवीज तेव्हा नसते. त्यासाठी रायगड जिल्ह्यात भिऱ्याला 150 मेगावॉटचा उदंचन संच आहे. दिवसाच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं, दिवे लागले की खाली सोडायचं. 100 युनिट घातली की 75-80 परत मिळतात. भिवपुरी आणि शिरवटा इथे मिळून 2800 मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांसाठी 2023 मध्ये राज्याशी करार झाला आहे.

राहिली सोसायटीची गच्ची. एका किलोवॉटला सुमारे 10 चौरस मीटर सावलीविना जागा लागते. टाक्या आणि लिफ्टची खोली वगळल्यावर 20 किलोवॉट बसले तरी पुष्कळ. सरासरी दिवसाला 80 युनिट, म्हणजे लिफ्ट-पंपाच्या बिलात ठळक फरक पडतो. पावसाळ्यात मात्र आकडा बराच उतरतो. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तर पूर्ण ओळीचं उत्पादन घटू शकतं, तेव्हा डिसेंबरातल्या दुपारी गच्चीवर जाऊन सावली खडूने आखून घ्या. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, गळती तिथूनच सुरू होते. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवा, पण वादळी वाऱ्याला ते वजन पुरेल का आणि जुनी इमारत ते पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या.